पुजलेल्या तुळईतून नळ

रविवार, ६ सप्टेंबर १९८७. देवपूर, धुळे

लाकूड आणि नळ या विषयांवर लिहिण्याचा मला काहीएक अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. आणि तरीही लिहिते आहे, याबद्दल क्षमा मागते. कोणाची, ते ठाऊक नाही. वहीचीच समजावी. स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असले, तरी तुळई मी आजवर फळ्यावरच पाहिली आहे: दोन आडव्या रेघा, खाली दोन त्रिकोण. आज प्रथमच डोक्यावर असलेल्या तुळईकडे मान वर करून पाहिले.

आमचे वसतिगृह पूर्वी कापसाची वखार होती. खाली मोठी खोली, तिथे आम्ही बेचाळीस जणी जेवतो नि अभ्यास करतो. वरच्या लाकडी मजल्यावर झोपतो. मजला चार सागवानी तुळयांवर आहे; त्यांना मी दरवाज्याकडून क्र. १ ते ४ असे आकडे दिले आहेत. आंघोळीसाठी आजवर अंगण ओलांडून पत्र्याच्या खोपटात जावे लागे. आता वरच न्हाणी होते आहे. तिचे सांडपाणी रस्त्याकडच्या गटारात न्यायचे, म्हणजे नळ तीन तुळया ओलांडून जाणार, तोही बरोबर त्यांच्या मधोमध. तुळयांच्या खालून फळ्या ठोकून छत करणार असल्याने नळ तुळईच्या उंचीतच बसवायला हवा. २७ तारखेला, रविवारी, उद्घाटन आहे.

आज करीम मिस्त्री आले. साठीचे असावेत. आधी मेन बंद करायला लावले, विजेची वायर कुठून गेली आहे ते पाहून खडूची खूण केली. मग छोट्या हातोडीने तुळई ठोकत गेले. आत जुना खिळा असला तर आवाज निराळा येतो म्हणे. तुळईची उंची मोजली, बारा इंच. बरोबर मध्यावर वर्तुळ काढले आणि गिरमिटाने वर्तुळाच्या कडेने बारीक बारीक भोके पाडली, निम्मी अलीकडून, निम्मी पलीकडून. मधला भाग पटाशीने काढला. दुपारपर्यंत क्र. १ मधून पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसू लागला.

मी खालीच पुस्तक घेऊन बसले होते. पानावर भुसा पडत होता. एवढ्या जाड लाकडाला आरपार भोक, आणि त्यावर आमच्या खाटा! मला वाचता येईना. वैशालीला सांगितले. ती नरडाण्याची, माझ्या शेजारच्या खाटेवरची. ती म्हणाली, "लाकूड तुना बापनं शे का? वाच ना गुमान."

सोमवार, ७ सप्टेंबर

सकाळी धीर करून अक्कांकडे गेले. अक्का म्हणजे आमच्या अधीक्षिका. मला या घरात येऊन सव्वा वर्ष झाले. आपण होऊन त्यांच्या खोलीत आज प्रथम गेले. म्हटले, तुळईला मधोमध भोक पाडताहेत, ते मला धोक्याचे वाटते.

अक्कांनी माझे 'धोक्याचे' ऐकलेच नाही. त्यांनी एवढेच ऐकले की न्हाणीचे पाणी तुळईच्या पोटातून जाणार. त्यांनी लगेच नानांना निरोप पाठवला. नाना संस्थेचे चिटणीस. वखार त्यांच्या वडिलांनी बांधलेली. तुळया चढवल्या त्या दिवशी त्यांच्या आईने प्रत्येक तुळईला हळदकुंकू लावून, नारळ वाढवून मगच ती वर जाऊ दिली होती.

नाना दुपारी आले. क्र. १ कडे बराच वेळ पाहत उभे राहिले. एक भोक पडले ते पडले, त्यावर गोमूत्र शिंपडू. पण यापुढे पुजलेल्या लाकडाच्या पोटातून न्हाणीचे ओवळे पाणी मी जाऊ देणार नाही, असे म्हणाले. आणि मिस्त्रींना हुकूम दिला: "बाकीच्या दोघींना खालून खाच पाडा. पोटाला हात लावायचा नाही."

मिस्त्री म्हणाले, "नाना, खालून..."

"खालून काय?"

"काही नाही. करतो."

जाताना नाना अक्कांना म्हणाले, सावद्याच्या पोरीचे, म्हणजे माझे, लक्ष होते म्हणून वेळेवर कळले. मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण खरे आहे.

बुधवार, ९ सप्टेंबर

क्र. २ आणि क्र. ३ ला खाचा पाडून झाल्या. करवतीने खालून दोन उभे काप, मधले लाकूड पटाशीने उडवले. चार इंच रुंद, चार इंच खोल. भोकाला अर्धा दिवस लागला होता, खाच तासाभरात.  मिस्त्री दोन्ही वेळा चहाही प्याले नाहीत.

तुळईचे पोट शाबूत दिसते आहे. गेल्या दोन रात्री शांत झोप लागली.

शुक्रवार, ११ सप्टेंबर



आज वर्गात तुळईचे वाकणे शिकवले. सर इंग्रजीतून सांगतात. मी मनात मराठी करत मागून धावत असते. तुळईवर भार आला की तिची वरची कड दाबली जाते, खालची कड ताणली जाते. मधे एक थर असा, की तो ना दाबला जातो, ना ताणला जातो. मी वहीत लिहिले: 'तटस्थ अक्ष'. शब्द आवडला म्हणून त्याखाली रेघ ओढली.

रेघ ओढताना पेन थांबले.

म्हणजे भोक पाडायचे असेल तर तिथेच पाडायचे. मध्यावर. मिस्त्रींनी पाडले होते तिथे. आणि जिथे बोट लावू नये ती खालची कड. मधोमध तर मुळीच नाही, कारण ताण तिथे सर्वांत जास्त.

पुढचे तास काय झाले ते आठवत नाही.

शनिवार, १२ सप्टेंबर

तीनदा मांडले. चूक सापडावी म्हणून मांडले.

तीन इंचांचे भोक, बारा इंच उंचीच्या तुळईच्या मध्यावर: ताकद कमी होते चौसष्टातला एक भाग. नगण्य.

चार इंचांची खाच, खालून: उरते आठ इंच. ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे. उरतात नवातले चार भाग. निम्म्याहूनही कमी.

पुस्तकात आणखी एक ओळ सापडली. खाच पाडणे भागच असेल, तर ती उंचीच्या सहाव्या भागाहून खोल नसावी आणि लांबीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात तर नसावीच. इथे सहाव्याच्या जागी तिसरा भाग आहे, आणि आहे तोही ऐन मध्यावर.

क्र. ३ च्या नेमकी वर पाण्याची टाकी बसणार आहे. हजार लिटर. दहा क्विंटल. तिच्याभोवती आठ खाटा. चौथी माझी, पाचवी वैशालीची.

हे सगळे माझ्या एका वाक्यामुळे. गणित न करता बोललेल्या.

सोमवार, १४ सप्टेंबर

सरांच्या खोलीबाहेर तीन तास संपेपर्यंत उभी राहिले. वर्गात आम्ही दोनच मुली. बाहेर उभे राहिले तरी सगळ्यांना दिसते. शेवटी कागद पुढे केला. सरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण जागा न पाहता मी काही बोललो, असे बाहेर जाऊ देऊ नकोस." जागा पाहायला याल का, एवढे विचारायचे होते.  त्यांनी कागद परत दिला, नीट घडी घालून.

आकडे बरोबर आहेत. मला ते चुकीचे हवे होते.

बुधवार, १६ सप्टेंबर

मिस्त्री आज नळाच्या सांध्यांत शिसे ओतत होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. मी जवळ गेले आणि पाठ केलेली सगळी वाक्ये विसरले. म्हटले, "तुम्हाला ठाऊक होते."

त्यांनी पळी खाली ठेवली. "बेटी, चाळीस वर्षं लाकडात आहे. पोटात गोल भोक पाडलं तर लाकडाला कळतसुद्धा नाही. खालून कापलं की ते तोंड उघडतं. आज नाही तर उद्या."

"मग नानांना सांगितले का नाही?"

"लाकडाचं असतं तर सांगितलं असतं. ते पूजेचं बोलत होते. पूजेत करीमने काय बोलायचं?" मग, रागाने नव्हे, "आणि भोक नको, असं तूच म्हणाली होतीस ना?"

मी हो म्हटले.

उपाय आहे का, असे विचारले. आहे, म्हणाले. खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जाड पट्ट्या, आरपार बोल्ट मारून. पट्टी खाचेच्या पलीकडे दोन-दोन फूट तरी जायला हवी. ते होईपर्यंत खालून लाकडाचा टेकू. दोन दिवसांचे काम. पण बोल्टसाठी तुळईला पुन्हा भोके पाडावी लागतील, आणि ती नानांच्या हुकुमाशिवाय ते पाडणार नाहीत. "यावेळी कोणीतरी शिकलेल्याने सांगावं," म्हणाले आणि पळी उचलली.

वैशालीला सगळे सांगितले. ती प्रथमच हसली नाही. "तुले माहीत शे ना, मंग सांग ना वं त्यास्ले," म्हणाली.

सांग म्हणणे सोपे. मला शिकायला पाठवताना आबा, माझे वडील, म्हणाले होते, वसतिगृहातून तुझी एक जरी तक्रार आली, तर दुसऱ्या दिवशी सावद्याच्या गाडीत बसायचे. आबा केळीच्या बागेत मजुरांवरही आवाज चढवत नाहीत. जे एकदा बोलतात ते करतात.

शनिवार, १९ सप्टेंबर

दोन दिवस काही लिहिले नाही. रोज अक्कांच्या दारापर्यंत जाते. कालच्या खेपेस अक्कांनी विचारले, काय गं, काय हवे? साबण, म्हणाले. माझ्याकडे आता तीन साबण आहेत.

रविवार, २० सप्टेंबर

सगळ्या जणी सकाळी बाजारात गेल्यावर वैशालीने जेवणाचे टेबल क्र. ३ खाली ओढले, त्यावर स्टूल ठेवले आणि पाय धरले. मी चढले. वर पोहोचण्याचा भाग संपल्यावर भीतीचा सुरू झाला.

खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आहे. केसाइतकी. लाकडाच्या रेषेबरोबर आडवी, सुमारे एक वीत.

भेग जुनी की नवी, हे पाहून कळत नाही. म्हणून वहीचा पातळ कागद कापून पट्टी केली, तिच्यावर आजची तारीख टाकली आणि कणकेच्या खळीने भेगेवर उभी चिकटवली. भेग वाढली तर पट्टी फाटेल.

वैशाली खालून म्हणाली, "देवले तुनी चिठ्ठी लाई दिनी का वं?" मला हसू आले. स्टूल हलले, तिने अधिक घट्ट धरले.

सोमवार, २१ सप्टेंबर

टाकी बसली. गळती पाहण्यासाठी दुपारी निम्मी भरली. पाच क्विंटल.

नाना पाहायला आले होते. कोणीतरी विचारले, एवढे वजन लाकडी मजल्यावर? ते म्हणाले, "इथे कापसाच्या गाठींची थप्पी छतापर्यंत लागायची. या पोरी काय कापसाहून जड आहेत?" सगळ्या हसल्या. मीही ओठ हलवले. गाठी होत्या तेव्हा तुळया बारा इंचांच्या होत्या, हे वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होते, कर्ता-कर्म-क्रियापदासह.

मंगळवार, २२ सप्टेंबर

पट्टी फाटली.

सकाळी सातला पाहिले. तारखेच्या बरोबर मधून. '२०' अलीकडे, 'सप्टें.' पलीकडे.

तशीच अक्कांकडे गेले. केस विंचरले नव्हते. सगळे सांगितले: भोक, खाच, गणित, भेग, पट्टी. बहुधा फार भरभर आणि उलटसुलट. अक्कांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "तेव्हा भोक नको म्हणालीस. आज भोकच बरे होते म्हणतेस. नानांना मी आता काय तोंडाने सांगू?"

मी म्हटले, माझी चूक झाली, असे सांगा.

 अक्का वाईट नाहीत. घाबरल्या होत्या, माझ्यासारख्याच; फरक एवढाच, की मला लाकडाची भीती वाटत होती आणि त्यांना नानांची. उद्घाटन होऊन जाऊ दे, मग शांतपणे विषय काढते, म्हणाल्या. आणि मी वळले तेव्हा मागून: "हे घरी कळवावे लागेल असे काही करू नकोस गं."

उद्घाटनाला टाकी काठोकाठ भरलेली असेल. खाली क्र. २ आणि क्र. ३ च्या मधल्या जागेत आम्ही बेचाळीस जणी चटयांवर बसणार आहोत. स्वागतगीतात माझेही नाव आहे.

बुधवार, २३ सप्टेंबर

तीन गोष्टी झाल्या.

एक. वैशालीने टाकीभोवतीच्या आठही खाटा भिंतीला लावून घेतल्या. ढेकूण झालेत, असे सांगितले. तिच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा खाट उचलणे सोपे असते.

दोन. तिनेच क्र. ३ खाली एक बादली ठेवली, तीत तांब्याभर पाणी ओतले, आणि जेवायला आलेल्या मुलींना म्हणाली की वरून न्हाणीचे पाणी ठिबकते आहे. त्या जागेवर आज कोणी ताट मांडले नाही. आठ दिवस मी ज्यासाठी शब्द जुळवत होते, ते तिने एका बादलीत केले. पण रविवारी पाहुण्यांसमोर बादली राहणार नाही.

तीन. मिस्त्री आले. मी त्यांना फाटलेली पट्टी दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून उजेडाकडे केली, परत दिली आणि वर जाऊन टाकीचा तळाचा नळ सोडला. अक्कांना सांगितले की वायसर नीट बसलेला नाही, टाकी रिकामी ठेवावी लागेल. खाली उतरताना माझ्याजवळ थांबले. "शनिवारी दुपारी परत भरायचा हुकूम आहे. तोपर्यंत माझ्या हातात. छताच्या फळ्या सुतार शुक्रवारी संध्याकाळपासून ठोकणार. एकदा ठोकल्या की भेग कोणालाच दिसणार नाही, बेटी. तुलाही नाही."

लोखंडी पट्ट्या नि बोल्ट त्यांनी कापून, भोके पाडून तयार ठेवले आहेत. कोणी सांगितले नव्हते.

गुरुवार, २४ सप्टेंबर

पहाटे उठून ही सगळी पाने कोऱ्या कागदांवर उतरवली. ६ तारखेपासून, एकही ओळ न गाळता. 'मला आनंद झाला' हेही ठेवले. केवळ गणित पाठवले असते तर नानांनी ते कोणाला तरी दाखवायला दिले असते आणि शनिवार आला असता. या पानांत निदान हे दिसेल की चूक कुठून सुरू झाली. खाच नानांच्या श्रद्धेने पाडली नाही. माझ्या घाईने पाडली. त्यांनी मला विश्वासाने ऐकले होते.

सोबत आकृती जोडली: भोक, खाच, भेग. फाटलेल्या पट्टीचे दोन्ही तुकडे टाचणीने लावले. शेवटी एवढेच जोडले:

"आदरणीय नाना, आपल्या आईंनी ज्या लाकडाला हळदकुंकू लावले ते तुटू नये, यासाठीच त्याच्या पोटातून बोल्ट जाऊ द्यावेत, अशी हात जोडून विनंती आहे. करीम मिस्त्रींना निरोप मिळताच ते येतील. टाकी त्याआधी भरू नये. मुलींना त्या तुळयांखाली बसवू नये. मी लिहिले, हा आगाऊपणा झाला. शिक्षा मला एकटीला व्हावी."

दुसऱ्या पाकिटात आबांना चार ओळी. तक्रार पोहोचण्याआधी ती माझ्याकडून पोहोचावी म्हणून. 'दुसऱ्या दिवशी गाडीत बसायला तयार आहे, मात्र रविवारनंतरच्या,' असे लिहिले आणि खोडले नाही.

नानांच्या पेढीवर स्वतः नेऊन द्यावे, असा विचार होता. पुलावरून अर्ध्या वाटेपर्यंत गेलेही. समोरासमोर ते 'काय?' असे विचारतील, आणि मी साबण म्हणेन. परत फिरले. वैशालीने मला पोस्टात नेले.

रजिस्टर केले की गावातल्या गावात उद्या पोहोचेल का, हे तिनेच विचारले. कारकून म्हणाला, उद्या पोहोचायला हवे. नाहीच तर परवा. परवा म्हणजे शनिवार. मग त्याने पाकीट उलटेसुलटे केले आणि माझ्याकडे सरकवले. पाठवणाऱ्याचे नाव नाही. त्याशिवाय घेता येणार नाही.

ते मी विसरले नव्हते.

खिडकीशी मागे रांग होती.  मी पेन मागून घेतले आणि पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासह, गाव सावदा, सध्या मुक्काम, तीच तुळई असलेले घर.

शिक्का पडला: गुरुवार, २४ सप्टेंबर १९८७. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे.